एकच नोंद, एकदाच

लेखात म्हटलंय की डिजिटल नोंदींमुळे नर्सचा वेळ वाचतो. वाचतो, पण कागद सुटला तरच! मी उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स आहे. वजन, बीपी, हिमोग्लोबिन आधी रजिस्टरमध्ये लिहायचं, मग तेच टॅबवर भरायचं.

तरी टॅब हवाच. त्यावरचं आमचं नोंदींचं अनमोल अ‍ॅप रेंज नसतानाही चालतं, आमच्या वाड्यावस्त्यांवर त्याचं मोल फार. मध्यंतरी एक लेक बाळंतपणाला माहेरी आली, तपासण्यांचं कार्ड सासरी राहिलेलं. तिच्या मोबाइलमध्ये आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा नंबर) होता, त्यावरून आधीच्या तपासण्या सापडल्या. हिमोग्लोबिन ६.८, म्हणजे फारच कमी! त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवली. कागदाच्या भरवशावर राहिलो असतो तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता ते दुहेरी लिहिणं तेवढं बंद करा, म्हणजे पेशंटशी दोन शब्द बोलता येतील.