हार्ट पेशंट, ‘फॅट बर्निंग झोन’ आणि तो फॉरवर्ड

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ‘हार्टचा त्रास असलेल्यांनी चरबी घटवायची असेल तर हळूच चालावं, नाडी 220 वजा वय, त्याच्या 60 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, त्याच झोनमध्ये चरबी जळते, वर गेलं की नुसती साखर जळते आणि हार्टला धोका. घाम आला म्हणजे चरबी वितळली.’ मला तीनदा आला, त्यातला एक बाबांकडून, आणि बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे म्हणून लिहायला बसलो.

चरबी हळू चालतानाच जळते, हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच पटतं. हळू चालताना जी ऊर्जा लागते त्यात चरबीचा वाटा टक्क्यांत जास्त असतो, मान्य. पण टक्के कशाचे? समजण्यापुरते आकडे घ्या, अर्धा तास रमतगमत चाललात, 100 कॅलरी गेल्या, त्यातल्या 60 टक्के चरबीतून, म्हणजे 60. तोच अर्धा तास झपाझप चाललात, 180 गेल्या, चरबीतून 40 टक्केच, तरी 72 झाल्या की! आणि साखर जळली तर ती काय फुकट गेली? दिवसभराच्या हिशोबात खाणं कमी नि खर्च जास्त असेल तर ती तूट शरीर नंतर चरबीतूनच भरून काढतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, ती एका फेरीत हलत नसते.

मग आता सगळ्यांनी धावायचं का, तर तेही नाही. 2009 साली जाड असलेल्या 74 हृदयरुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. एका गटाला नेहमीचा रिहॅबचा, म्हणजे हार्टच्या आजारानंतर देखरेखीखाली करून घेतात तो व्यायाम, आठवड्याला 700-800 कॅलरींचा. दुसऱ्याला वेग कमी पण जवळजवळ रोज, पाऊण-एक तास चालणं, 3000-3500 कॅलरी. पाच महिन्यांनी वजन पहिल्या गटाचं 3.7 किलो उतरलं, दुसऱ्याचं 8.2. म्हणजे हळू चालणारेच जिंकले, पण झोनमुळे नाही, खूप चालले म्हणून. मेसेजमध्ये किती वेळ चालायचं हे कुठेच नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे.

नाडीचा फॉर्म्युला तर मला सगळ्यात खटकला. बाबा 62 चे, 220 वजा 62 म्हणजे 158, ही वयावरून धरलेली जास्तीत जास्त नाडी, त्याचे 60 टक्के 95. पण ते बीटा ब्लॉकर घेतात, ती गोळी नाडी फार चढू देत नाही. गोळी घेऊन ट्रेडमिल टेस्ट केली तेव्हा पार दमेपर्यंत त्यांची नाडी 118 ला थांबली. म्हणजे मेसेजवाल्याचं ‘हळू’ असलेलं 95 हे बाबांसाठी त्यांच्या जास्तीत जास्त नाडीच्या 80 टक्के झालं, जिना चढताना ते तेवढ्यावर धापा टाकतात! म्हणून मर्यादा स्वतःच्या टेस्टवरून डॉक्टरांनी ठरवायची, आणि रोजच्यासाठी साधी खूण, चालताना वाक्य बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये.

आणि धोका. 2012 साली नॉर्वेतल्या तीन रिहॅब सेंटर्सचे आकडे आले, 4846 पेशंट, पावणेदोन लाख तासांच्या वर व्यायाम. मध्यम व्यायामाच्या 1,29,456 तासांत एक कार्डिॲक अरेस्ट, म्हणजे हृदय अचानक बंद पडणं, जीवघेणा. जोरदार व्यायामाच्या 46,364 तासांत दोन, दोघंही वाचले. धोका शून्य नाही, पण मेसेज वाचून वाटतं तसा भयंकरही नाही, फक्त हे सगळं देखरेखीखाली झालेलं होतं, आपण आपलं यूट्यूब लावून केलेलं नाही. छातीत दुखणं वाढत चाललंय, ठोके अनियमित आहेत, हृदयाची झडप खूप अरुंद आहे, पायावर सूज येऊन दम लागतोय, अशांनी आधी डॉक्टर, मग बूट.

घामाचं काय, ते पाणी असतं. चरबी जळली की तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो. घामाने उतरलेलं वजन दोन ग्लास पाणी प्यायलं की काट्यावर परत हजर. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, मग पंख्याखाली चाललं तरी चालेल ना? चालेल की.