‘फिजिओला सुट्टी द्या’ म्हणणारा तो फॉरवर्ड

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज पडलाय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता फिजिओची गरज नाही, मोबाईलचा कॅमेरा आणि एआय माणसापेक्षा अचूक मोजतो, चुकलं तर लगेच सांगतो, अमेरिकेत सिद्ध झालंय, पैसे वाचवा. आईचा उजवा गुडघा बदलून दोन महिने झाले, असलंच ॲप घरात रोज चालतं, म्हणून लिहितोय.

आधी ते ‘माणसापेक्षा अचूक’. अहो, कॅमेऱ्याला हाड दिसत नाही, तो चित्रावरून खुबा, गुडघा, घोटा कुठे असेल याचा अंदाज बांधतो आणि त्या तीन ठिपक्यांमधला कोन काढतो. गूगलचं मीडियापाइप, म्हणजे चित्रात शरीर ओळखणारं सॉफ्टवेअर, अख्ख्या अंगावर असे ३३ ठिपके धरतं, त्यात एका गुडघ्याच्या वाट्याला एकच, तो सरकला की कोनही सरकला. आणि आई घरात गाऊनमध्ये! ॲप म्हणालं गुडघा ९८ अंश वाकतोय, दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडमनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून मोजलं तर ८६. मग गाऊन वर खोचला, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून बरोब्बर बाजूला गुडघ्याच्या उंचीवर ठेवला, तेव्हा कुठे फरक तीन-चार अंशांवर आला. मी ऑफिसला गेल्यावर हे सगळं करणार कोण, आई फोन लावून दिवाणावर जाऊन झोपेपर्यंत फोन आडवा झालेला असतो.

‘चुकलं तर लगेच सांगतो’. सांगतो की, पण दिसेल तेवढंच. गुडघा अडतोय तो सुजेमुळे, दुखेल या भीतीने का आत घट्ट झालाय म्हणून, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी ॲपने ‘छान, १० पूर्ण!’ म्हणून टाळ्या वाजवल्या आणि त्याच दुपारी मॅडमनी पोटरी दाबून बघितली, म्हणाल्या ही गरम लागतीये, कडकपण आहे, व्यायाम बंद, आधी डॉक्टरांना दाखवा. या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. डॉप्लर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी केली, सुदैवाने काही निघालं नाही, पण ती रात्र आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत.

अमेरिकेचं म्हणाल तर ड्यूक विद्यापीठाचा २०२० चा अभ्यास आहे, गुडघा बदललेले ३०६ पेशंट, घरी कॅमेऱ्यासमोर व्यायाम करणारे नेहमीच्या फिजिओवाल्यांपेक्षा मागे पडले नाहीत आणि खर्चही कमी आला. खरंय हे. फक्त तो कॅमेरा साध्या मोबाईलचा नव्हता, अंतर मोजणारा थ्रीडी होता, आणि लांबून का होईना पण पेशंटवर लक्ष ठेवायला फिजिओ होता. फॉरवर्डवाल्याने नेमकं तेवढंच कापलंय.

पैसे वाचतात, हे मात्र मान्य. आमच्या मॅडम आता रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा येतात, मधल्या दिवसांचे व्हिडिओ त्यांच्या फोनवर जातात, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून त्यांची सुटका आणि आमचा खर्च निम्म्याहून कमी. आणि ॲप मोजतंय म्हटल्यावर आई व्यायाम बुडवत नाही, हे माझ्या ओरडण्याने कधी जमलं नव्हतं.

तळमजल्यावरच्या काकांनी मेसेज वाचून विचारलं, सोमवारी खांद्याचं ऑपरेशन आहे, फिजिओला नाही सांगू का? काका, अजिबात नको, फार तर मॅडमनाच विचारा कुठलं ॲप लावू.

आईचं आज मॅडमच्या पट्टीने १०८ आलंय. ॲप १११ म्हणतंय, आणि आई ॲपचंच खरं मानून बसलीये.