मॅनेजर बदला, बाजू बदलू नका

इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे समर्थक व्हायचं तुम्ही ठरवलंय, तेही आत्ता, या वयात, घरच्यांना न विचारता. अभिनंदन. आता पुढच्या सूचना नीट वाचा, म्हणजे पहिल्याच मोसमात फजिती होणार नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. समर्थकाचं काम सामने पाहणं हे नाही. सामना आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि तोही दीडेक तासात आटोपतो. उरलेला आठवडा मॅनेजरवरून, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकावरून, भांडण्यासाठी असतो. त्यासाठी दोन पक्ष तयार आहेत: ‘राहू द्या’ आणि ‘हाकला’. तिसरा पक्ष नाही. “संघही बेताचा आहे आणि मॅनेजरही बेताचाच आहे” असं म्हणणारा एक सद्गृहस्थ प्रत्येक कट्ट्यावर असतो. त्याचं कोणी ऐकत नाही, चहाचे पैसे मात्र त्यालाच द्यावे लागतात. तुम्ही तो होऊ नका.

सध्या मॅनेजर कोण आहे, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही या ओळीपर्यंत येईतो तो बदललेला असू शकतो, आणि या सूचनांना त्याने काही फरक पडत नाही.

‘राहू द्या’ पक्षाचा अभ्यासक्रम लहान आहे. एकच धडा तोंडपाठ करायचा: सर ॲलेक्स फर्ग्युसन, पहिली तीन वर्षं. नोव्हेंबर १९८६ मध्ये आले, आणि तीन वर्षांत एकही कप आला नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये गावातलाच प्रतिस्पर्धी क्लब मँचेस्टर सिटीने ५-१ असं धुऊन काढलं. त्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानावर, एका प्रेक्षकाने फलक झळकवला, त्याचा मथितार्थ असा की तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकतोय, आता टाटा फर्गी. मग जानेवारी १९९०, एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा, समोर नॉटिंगहॅम फॉरेस्ट, आणि आपल्या मार्क रॉबिन्सचा तो एकमेव गोल. इथे आवाज खाली आणायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. मे महिन्यात कप आला. पुढे प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीची, १३ विजेतेपदं आली. आता बोला, त्या वेळी हाकललं असतं तर?

या धड्यातला काही भाग मात्र परीक्षेला नाही, असं समजून वगळायचा. युनायटेडमध्ये येण्याआधी फर्ग्युसनने ॲबर्डीनला तीनदा स्कॉटलंडचं विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि १९८३ मध्ये युरोपीय कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला हरवलं होतं. म्हणजे क्लबने संयम दाखवला तो सिद्ध झालेल्या माणसाबाबत. ही माहिती बाहेर आली तर धड्याची गंमत जाते. शिवाय संयम दाखवूनही ज्यांचं काहीच झालं नाही, अशा मॅनेजरांवर कोणी आठवणी लिहीत नाही, हा त्यांचा दोष.

थोडं पुढचं शिकायचं असेल तर टॉमी डॉकर्टी वाचा. त्यांच्या काळात, १९७४ मध्ये, संघ चक्क खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. क्लबने त्यांना ठेवलं. वर्षभरात संघ वर आला, १९७७ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला. झाला की नाही संयमाचा विजय? त्यानंतर दीडेक महिन्यातच डॉकर्टींची नोकरी गेली. कारण फुटबॉलचं नव्हतं. क्लबच्या फिजिओच्या पत्नीशी त्यांचं प्रेम जमलं होतं. हा भाग ‘राहू द्या’ पक्षाने सांगू नये आणि ‘हाकला’ पक्षानेही सांगू नये. हा निव्वळ तुमच्या आनंदासाठी.

‘हाकला’ पक्षात मात्र प्रवेश घ्यायला हरकत नाही, कारण २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून हा पक्ष एकदाही हरलेला नाही. कायम म्हणून आलेला जो जो माणूस त्याने घालवायचं ठरवलं, तो गेला. डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार दिला होता. ‘हाच तो निवडलेला’ अशा अर्थाचा फलक स्टेडियममध्ये लागला होता. दहाच महिन्यांत ते घरी गेले. मार्च २०१४ मध्ये कुणीतरी पैसे काढून विमान भाड्याने घेतलं आणि ‘मोयेस आउट’ची पताका ओल्ड ट्रॅफर्डवरून फिरवली. खाली त्याच सामन्यात युनायटेडने ॲस्टन व्हिलाला ४-१ ने हरवलं. यातून शिकण्यासारखं इतकंच की विमान आधी ठरलेलं असतं. निकाल काहीही लागो, ते उडतं.

जिंकण्याने काही साधतं, या भ्रमातही राहू नका. लुई व्हान गाल यांनी २१ मे २०१६ रोजी एफए कप जिंकला, २३ मेला त्यांना काढलं. एरिक टेन हाग यांनी मे २०२४ मध्ये अंतिम सामन्यात थेट सिटीलाच हरवून कप आणला, जुलैमध्ये त्यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना निरोप दिला. या तीन घटनांमधलं तर्कशास्त्र शोधायला बसू नका. ज्यांनी हे निर्णय घेतले तेही बसले नव्हते.

आता सामना कसा वाचायचा ते सांगतो. संघाची यादी सामन्याच्या सव्वा तास आधी येते. चिडायला तेव्हाच सुरुवात करा, नंतर वेळ मिळत नाही. संघ जिंकला तर ‘राहू द्या’वाल्यांनी “आता दिसतोय बदल” म्हणायचं आणि ‘हाकला’वाल्यांनी “समोर होतं कोण?” राखीव खेळाडूने उतरून गोल केला तर एका बाजूला मॅनेजरची दूरदृष्टी दिसते, दुसरी बाजू विचारते की इतका चांगला होता तर पहिल्यापासून बाकावर का बसवला होता. हरला तर दोन्ही बाजू “मी म्हटलंच होतं” म्हणतात, आणि खरंच दोघांनीही म्हटलेलं असतं.

या बाबतीत २०२५ चा ऑगस्ट महिना अभ्यासनीय आहे. तेव्हाचे मॅनेजर रुबेन आमोरिम यांचा संघ लीग कपमध्ये ग्रिम्सबीला गेला. ग्रिम्सबी म्हणजे मासेमारीचं बंदर, त्यांचा क्लब इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत, आणि त्यांचे प्रेक्षक हवेने फुगवलेले मासे घेऊन स्टेडियममध्ये येतात. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर युनायटेड १२-११ ने हरलं. त्याआधी डगआउटमध्ये बसून आमोरिम एका छोट्या फळ्यावर चकत्या सरकवत असलेले कॅमेऱ्यात दिसले. ‘राहू द्या’ पक्षाने सांगितलं की पेनल्टी म्हणजे जुगार, त्यावरून माणसाची पारख करू नये. ‘हाकला’ पक्षाने सांगितलं की चौथ्या श्रेणीतल्या संघाशी पेनल्टीपर्यंत जावं लागतं, इथेच सगळं आलं. दोन्ही म्हणणी बरोबर आहेत. म्हणूनच हा वाद टिकाऊ आहे. एक जरी चूक असतं तर गुरुवारी सकाळी संपला असता.

फॉर्मेशनवर, म्हणजे खेळाडूंच्या मैदानावरच्या मांडणीवर, बोलायला शिका. आमोरिम ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) सोडायला तयार नव्हते. पोप आले तरी बदलणार नाही, असं त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं. अशा मॅनेजरला ‘राहू द्या’ पक्षात तत्त्वनिष्ठ म्हणतात आणि ‘हाकला’ पक्षात हट्टी. फॉर्मेशन बदलणारा मॅनेजर आला की तोच पहिल्या पक्षात लवचीक होतो आणि दुसऱ्यात गोंधळलेला. शब्द चार आहेत, तेवढे पाठ करा. मिडफिल्डमध्ये दोघेच उरले की मागे किती मोठी मोकळी जागा पडते हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. “मिडफिल्डच नाहीये आपल्याला” हे वाक्य गेली दहा-बारा वर्षं कोणत्याही रात्री खरं ठरलं आहे.

गेलेल्या मॅनेजरबद्दल मात्र वाईट बोलू नये. आपल्याकडे मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. जोझे मोरिन्यो यांच्या हाताखाली २०१७-१८ मध्ये संघ ८१ गुणांसह दुसरा आला, सिटीपेक्षा १९ गुणांनी मागे. दुसरा क्रमांक ही आपल्या कारकिर्दीतली मोठी कामगिरी आहे असं ते पुढे म्हणाले, तेव्हा लोक हसले. मे २०२५ मध्ये संघ ४२ गुण घेऊन पंधरावा आला, तेव्हा हसणं थांबलं. आता मोरिन्यो थोर होते, यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. ते असताना या दोन्ही पक्षांनी काय म्हटलं होतं, त्याची कात्रणं बाळगू नका.

एक धोक्याची सूचना. वर बघू नका. वर म्हणजे मालकांकडे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर ठेवला. काही समर्थक तेव्हाच निघून गेले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. २०१० मध्ये स्टेडियम निषेधाच्या हिरव्या-सोनेरी मफलरांनी भरलं. मे २०२१ मध्ये समर्थक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्योगपती जिम रॅटक्लिफ सुमारे २७.७ टक्के हिस्सा घेऊन आले आणि काटकसर सुरू झाली. शेकडो कर्मचारी कमी केले, ओल्ड ट्रॅफर्डवरचं त्यांचं फुकट जेवण बंद करून फळं ठेवली, मोसमाच्या मध्येच तिकीट ६६ पौंड झालं, मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही त्यात सवलत नव्हती. आणि त्याच काळात टेन हाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप देण्यात एक कोटी पौंडांहून जास्त रक्कम गेली. इतक्या पैशांत किती सफरचंदं येतात, हा हिशेब तुमचा तुम्ही करा. छतातून पाणी गळतं ते वेगळंच.

मग यावर भांडायचं का नाही? भांडता येत नाही, हीच अडचण. मालकांच्या बाजूने बोलणारा माणूस शोधून सापडत नाही. एकमत झालं की गप्पा दोन मिनिटांत संपतात आणि लोक घरी जातात. गणेश मंडळात अध्यक्षावरून दरवर्षी खुर्च्या उचलल्या जातात, मांडववाल्याचं बिल मात्र वर्षानुवर्षं तेच, कारण त्यावर वाद घालायला समोर कोणी उभंच राहत नाही, तसंच हे. मॅनेजर दर दोन-अडीच वर्षांनी नवा मिळतो, तो दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर बसतो, प्रश्नांना उत्तरं देतो, थकलेला दिसतो. मालक दिसतच नाहीत. राग काढायला जो दिसतो तोच सोयीचा.

तुम्ही पुण्यात किंवा डोंबिवलीत बसून हे सगळं करणार, याचा संकोच बाळगू नका. हिवाळ्यात मँचेस्टरचा रात्री आठचा सामना आपल्याकडे दीड वाजता सुरू होतो, तेव्हा झोपमोडीचा हक्क तुमच्याकडे आहेच. “आपण हरलो” असंच म्हणायचं, “ते हरले” नाही. कोल्हापूरकरांना ही कसरत करावी लागत नाही. तिथे पेठ ठरते तेव्हाच संघ ठरतो, पाटाकडील किंवा दिलबहार, आणि संघ हरला तर खेळाडू संध्याकाळी गल्लीत भेटतो. त्याला तोंडावर बोलता येतं. तुम्हाला ती सोय नाही, त्यामुळे तुमचा राग जास्त शुद्ध. मँचेस्टरमधली माणसं मात्र विचित्र आहेत. तीन गोल खाऊनही बाहेरगावच्या स्टेडियममध्ये, पावसात, मॅनेजरच्या नावाचं गाणं म्हणत उभी राहतात. त्यांना फुटबॉल कळत नाही असं समजून पुढे चला.

नवस बोलायचा असेल तर मोघम बोला. एका इंग्रज समर्थकाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पण केला की संघ लागोपाठ पाच सामने जिंकल्याशिवाय केस कापणार नाही. वर्ष उलटलं तरी कात्री लागली नव्हती. “संघाला बरे दिवस आले की सत्यनारायण घालीन” एवढंच म्हणा. बरे दिवस कशाला म्हणायचं ते तुमच्या हातात राहतं.

शेवटची सूचना हंगामी मॅनेजरविषयी, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. हंगामी माणूस आला की दोन्ही पक्ष विरघळतात. ‘हाकला’वाल्यांना त्याला हाकलता येत नाही, तो तसाही जाणारच असतो, ‘राहू द्या’वाल्यांना त्याला राखायची जबाबदारी नसते. सगळे निवांत सामना बघू लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये ओले गुन्नार सोल्शायर असेच आले आणि १९ पैकी १४ सामने जिंकले. पॅरिसमध्ये तिथल्याच पीएसजी क्लबला हरवून संघ चॅम्पियन्स लीगच्या पुढच्या फेरीत गेला, तेव्हा युनायटेडचा माजी खेळाडू रिओ फर्डिनंड टीव्हीवर म्हणाला की करार टेबलावर ठेवा, सही करू द्या, आकडा त्यालाच लिहू द्या. खरा समर्थक असा असतो. मार्च २०१९ मध्ये सोल्शायर कायम झाले, एप्रिलपासून संघ हरू लागला, आणि भांडण पुन्हा रुळावर आलं. तेव्हा हंगामी मॅनेजरने लागोपाठ तीन सामने जिंकले की उशीर लावू नका. त्याला ताबडतोब कायम करा अशी मागणी जोरात लावून धरा, आणि आपण पुढे कोणत्या पक्षात बसणार ते त्याच रात्री ठरवून टाका.