क्यू वाकडा आहे, हे आधीच जाहीर करा

पूल, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने भोकांत पाडायचा खेळ, कसा खेळायचा हे शिकवणारे मुंबईत पुष्कळ आहेत. हरल्यावर काय बोलायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. खरी गरज त्याचीच, कारण दर गेमला दोघांपैकी एकजण हरतोच आणि बहुतेक ठिकाणी टेबलाचे पैसेही त्याच्याच गळ्यात पडतात. तेव्हा दादर असो, घाटकोपर असो की अंधेरी, स्टेशनजवळच्या ज्या पार्लरच्या पाटीवर ‘एसी’ लिहिलेलं असतं आणि आत पंखा फिरत असतो, तिथे उपयोगी पडेल असा हा सल्ला.

सुरुवात क्यूपासून, म्हणजे बॉल मारायच्या काठीपासून. आल्या आल्या स्टँडमधला पहिला क्यू उचलून खेळायला लागणारा माणूस तिथेच संपला. तुम्ही चार-पाच क्यू काढा. एकेक टेबलावर आडवा ठेवा आणि तळव्याने हळूच लोटा. सरळ क्यू गुपचूप लोळत जातो. वाकलेल्याचं टोक दर फेरीला कापडावरून उचलतं आणि पुन्हा टेकतं. बारा महिने भिंतीला तिरके टेकवलेले, त्यात मुंबईची हवा, म्हटल्यावर पार्लरचे बरेच क्यू या परीक्षेत नापास होतात. आता ऐन मोक्याची गोष्ट: सरळ निघालेला क्यू घेऊ नका. सगळ्यांत वाकडा तोच निवडा आणि शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, ‘‘चल, यावरच भागवू.’’ हरलात तर क्यूमुळे. जिंकलात तर असल्या क्यूने जिंकलात.

मग क्यूच्या टोकाला चिकटवलेल्या टिपकडे बघून सुस्कारा सोडा. पूलच्या क्यूची टिप चामड्याची, साधारण १३ मिलिमीटर रुंद आणि वरून गोलसर हवी. पार्लरची टिप शर्टाच्या बटणासारखी चपटी असते. तिच्यावर पांढरा बॉल (क्यूने मारायचा तो हाच) घसरतो, ही तक्रार रास्त आहे. पण सगळ्या तक्रारी एकदम करू नका, दुसऱ्या गेमसाठी काहीतरी शिल्लक ठेवावं.

यथावकाश स्वतःचा क्यू घ्याच. दोन तुकड्यांचा, काळ्या केसमधला. मेपलचा चालेल; कार्बन फायबरची शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा तुकडा, असेल तर प्रश्नच मिटला. साइड देऊन, म्हणजे मधोमध सोडून डाव्या-उजव्या बाजूला, मारलं की पांढरा बॉल निघतानाच उलट बाजूला थोडा सरकतो. शाफ्टचं पुढचं टोक हलकं असेल तर हे सरकणं कमी होतं, आणि अशा शाफ्टची किंमत असते ती त्यासाठीच. हे पाठ करून ठेवा. तुमचा बॉल साइड न देताही सरकतो, त्याचं कारण शाफ्टमध्ये नाही; पण ते कुणी विचारत नाही. क्यू १९ औंसाचा बरा की २० औंसाचा, यावर एक अख्खी संध्याकाळ निघते. फरक २८ ग्रॅमचा आहे, हा मुद्दा चर्चेत येऊ देऊ नका. आणि केस खांद्याला लावून विरार लोकलमध्ये चढलात तर लोक तुम्हाला खेळाडू समजतील, निदान बोरिवलीपर्यंत.

चॉकचंही एक शास्त्र आहे. हा शाळेतला खडू नव्हे. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स या दोघांनी १८९७ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिका आणि घासणारी पूड असते. टिपवर हलक्या हाताने फिरवलं की काम होतं. तुम्ही मात्र भोक पडेपर्यंत घासा, फुंकर मारा, पुन्हा घासा, चेहरा गंभीर ठेवा. फक्त एक बघा: पैसे गेमप्रमाणे असतील तरच. तासाप्रमाणे असतील तर चॉक लावण्याचेही पैसे पडतात.

आता फाउल. इथे तुमची खरी कसोटी आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे, नियम आधी ठरवू नका. जो माणूस ब्रेकच्या, म्हणजे गेमच्या पहिल्या फटक्याच्या, आधी ‘‘फाउलला काय धरायचं?’’ असं विचारतो, त्याने निम्मी शस्त्रं खाली ठेवली. जागतिक नियमांत फाउल झाला की समोरच्याला पांढरा बॉल हातात मिळतो आणि तो टेबलावर कुठेही ठेवता येतो. आपल्याकडे कुठे तो ब्रेकच्या रेषेमागूनच मारायचा असतो, कुठे दोन शॉट मिळतात, कुठे पडलेला एक बॉल परत वर काढतात. ही विविधता म्हणजे तुमची पुंजी. तुमच्या हातून फाउल झाला की, ‘‘रेषेमागून घे, इथे तसंच चालतं.’’ त्याच्या हातून झाला की, ‘‘अरे, इंटरनॅशनल रूल आहे, कुठेही ठेवतो मी.’’ दोन्ही वाक्यांत आवाज सारखाच ठेवा.

कुशनचा, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेचा, नियम राखून ठेवा, तो फार थोड्यांना माहीत असतो. पांढरा आपल्या वाट्याच्या बॉलला लागल्यानंतर एखादा बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे, नाहीतर कुठलातरी एक कुशनला लागला पाहिजे; दोन्ही झालं नाही तर फाउल. समोरच्याने हळूच, मोठ्या कौशल्याने पांढरा नेऊन आपल्या बॉलला चिकटवला, बाकावरच्यांनी ‘वा!’ म्हटलं, की तेवढ्यात शांतपणे विचारायचं, ‘‘कुशन कुठे लागली?’’

पण सगळ्यांत रसाळ भांडण डबल हिटचं, म्हणजे एकाच फटक्यात टिप पांढऱ्याला दोनदा लागण्याचं.

‘‘डबल लागला.’’

‘‘कुठे डबल? एकच आवाज आला.’’

‘‘आवाजाचं काय घेऊन बसलास, पांढरा बघ कुठवर गेला!’’

यातला ‘डबल’ म्हणणारा माणूस, दुर्दैवाने, बरोबर आहे. दोन बॉलमध्ये बोटभरही अंतर नसताना सरळ जोरात मारलं की पांढरा पुढच्याला धडकून थबकतो आणि मागून येणारी टिप त्याला पुन्हा गाठते. खूण सोपी आहे: पांढरा पुढच्या बॉलच्या मागोमाग जवळजवळ त्याच वेगाने पळतो. एका ठोक्यात तो असा पळूच शकत नाही. म्हणून तुम्ही आवाजाचाच मुद्दा लावून धरा आणि मार्करला, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाला, बोलवा. मार्कर दुसऱ्या टोकाला त्रिकोणात बॉल लावत असतो, त्याने काही पाहिलेलं नसतं. रोजचं गिऱ्हाईक कोण, हे मात्र तो नीट पाहून असतो. निकाल त्याच हिशोबाने लागतो, त्यामुळे त्याच्याशी आधीपासून गोडीगुलाबीने वागावं. फोनवर स्लो मोशन काढणाऱ्या पोरांबरोबर खेळूच नका. खेळाची मजा जाते.

काळा म्हणजे सगळ्यांत शेवटी पाडायचा बॉल; त्याच्याबरोबर पांढराही पडला तर गेम गेला, तिथे तुमचं काही चालणार नाही. ब्रेकलाच काळा पडला तर मात्र वाव आहे. जागतिक नियमांत याने कुणी जिंकत नाही. काळा परत जागेवर लागतो किंवा ब्रेक पुन्हा होतो. पार्लरमध्ये ‘ब्रेकला काळा म्हणजे गेम’ असंही मानतात. कुठला नियम खरा, हे ब्रेक कुणी केला त्यावर ठरवा.

पावसाळ्यात काही बोलायचीही गरज नाही. कापड दमट झालं की बॉल लवकर थांबतो, तळहात घामाने क्यूला चिकटतो, पावडरचा डबा रिकामा असतो. नुसता कापडावर हात फिरवून मान हलवा. टेबल दोघांना एकच आहे, असं कुणी बोललं तर इतिहासात शिरा. स्नूकर जन्मला तो १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, असं मानतात. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. मुंबईचे मायकल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये. ही मंडळी बारा फुटी टेबलावर तीन बॉलचं बिलियर्ड्स खेळत, आणि तुम्ही खेळताय तो पूल. पण हे समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत त्याची लय गेलेली असते.

सराव? दुपारी टेबल स्वस्त असतं तेव्हा कोपऱ्यात एखादा मुलगा तोच शॉट पुन:पुन्हा लावून मारत असतो. बॉल पडला की नाही याच्यापेक्षा पांढरा कुठे थांबला, याकडे त्याचं लक्ष. त्याच्याशी खेळायला जाऊ नका. बाकावर बसा आणि त्याला शिकवा. ‘‘पतला घे, कडेला निसटता लागू दे. अजून पतला.’’ बॉल गेला तर मान डोलवा. चुकला तर, ‘‘मी काय म्हणत होतो!’’

शेवटी वेळ संपते, मार्कर टेबलावरचा दिवा घालवतो. त्या क्षणी तुमचे पाच बॉल बाकी असतील आणि त्याचा एकटा काळा, तरी डगमगू नका. गेम अर्धवट राहिला म्हणजे बरोबरी, पैसे निम्मे-निम्मे, असं ठणकावून सांगा. मग खिसे चाचपा. ‘‘नेट येत नाहीये रे इथे. तू कर स्कॅन, मी गाडीत देतो.’’