७०३चं लक्ष नाहीये

भर क्लबहाऊसमध्ये, पोराटोरांच्या आणि वॉचमनच्या देखत, एका माणसानं मला उभं केलं आणि विचारलं, ‘सांगा बरं, आत्ता काय चाललं होतं?’

मी पन्नाशीला टेकलोय. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. याआधी असं कुणी उभं केलं होतं ते सातवीत, भूगोलाच्या तासाला. तेव्हा निदान खिडकीबाहेर गारुडी तरी होता.

प्रसंग सोसायटीच्या वार्षिक सभेचा. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतात. कोरमला एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांतले जे कमी असतील तेवढे लागतात. तेवढेही वेळेवर उगवत नाहीत. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्यानंतर असतील तेवढ्यांत सुरू होते. सगळ्या सभेत काय तो हा अर्धा तासच रंगतो. एकदा सभा सुरू झाली की ताळेबंद. छापील प्रत प्रत्येकाच्या हातात असते आणि सेक्रेटरी तीच प्रत मोठ्यानं वाचतात. ‘लिफ्ट देखभाल, चालू वर्षी इतके इतके, मागील वर्षी इतके इतके.’ डोळ्यांनी दोन मिनिटांत वाचून झालेली गोष्ट कानांनी पाऊण तास ऐकायची, आणि चेहरा असा ठेवायचा की पुढे काय होणार याची उत्सुकता लागून राहिली आहे.

सिंकिंग फंडापर्यंत, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीपर्यंत, मी टिकलो. मग पंखा दिसला. त्याच्या वरच्या वाटीत एका कबुतरानं कधीतरी घरटं सुरू केलेलं होतं आणि आता पंखा चालू होता. कबुतर चोचीत काडी घेऊन खिडकीत यायचं, फिरणारी पाती बघायचं, मान तिरकी करून विचार करायचं आणि काडी घेऊन परत जायचं. थोड्या वेळानं पुन्हा यायचं. तीच काडी की दुसरी, हे मी ठरवत होतो.

‘सेक्रेटरीसाहेब, एक मिनिट थांबा. ७०३चं लक्ष नाहीये.’

७०३ म्हणजे मी, माझ्या फ्लॅटचा नंबर. बोलणारे ए विंगमधले बँकवाले काका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही माणसाकडे सही जुळत नसल्यासारखं बघतात. सभा थांबली. आमच्या सोसायटीत एरवी इतक्या चटकन काहीच थांबत नाही, लिफ्टसुद्धा.

‘आहे की लक्ष,’ मी म्हणालो.

‘मग सांगा बरं, आत्ता काय चाललं होतं?’

‘सिंकिंग फंड.’

‘सिंकिंग फंड केव्हाच झाला. उभं राहून सांगा, मागे ऐकू जात नाही.’

आणि मी उभा राहिलो! का राहिलो, ते मला अजून उमगलेलं नाही. त्या आवाजात काहीतरी होतं, गुडघे आपोआप सरळ झाले.

‘टँकर?’ मी म्हणालो. आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाला टँकर हे निम्मं तरी बरोबर उत्तर असतं.

‘टँकर अजून यायचाय.’

‘तो नेहमीच यायचा असतो,’ मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले. काका हसले नाहीत.

‘मी मघापासून बघतोय तुमच्याकडे. आधी पंखा, मग खिडकी, मग पुन्हा पंखा. मध्येच मोबाईल काढलात, खिशात ठेवलात, लगेच परत काढलात. किती वाजले ते बघायचं राहिलं होतं ना पहिल्या वेळी? मग समोरच्यांच्या टकलाकडे बघत बसलात. बराच वेळ.’

इतका तपशील मला स्वतःला देता आला नसता. समोरच्यांनी टकलावरून हात फिरवला आणि खुर्ची जरा बाजूला घेतली.

‘बदाम खाता का?’

‘नाही.’

‘तेच! रात्री पाच बदाम भिजत घालायचे, सकाळी सालं काढून...’

‘सात,’ बी विंगमधल्या वहिनी म्हणाल्या.

‘पाच पुरतात हो.’

‘पाच लहान मुलांना. मोठ्या माणसाला सात. आणि सालं कशाला काढायची? सगळं सत्त्व सालातच असतं.’

‘सालं पचत नाहीत,’ खजिनदार म्हणाले. हे गृहस्थ स्वतःच मांडलेल्या हिशेबाच्या वाचनाला इतका वेळ डुलक्या घेत होते. मग मामरा बदाम बरे की कॅलिफोर्नियाचे, हे निघालं. मामऱ्याचा भाव निघाला. कुणाचा तरी भाऊ वाशीच्या मार्केटमध्ये होता, त्यामुळे खरा भाव निघाला. एकानं शंखपुष्पी सुचवली, दुसऱ्यानं ब्राह्मी. योगाच्या वर्गाला जाणाऱ्या काकूंनी त्राटक सांगितलं: मेणबत्तीच्या ज्योतीकडे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत एकटक बघायचं. डोळ्यांतून पाणी येण्यासाठी मला मेणबत्तीची गरज उरली नव्हती. मी उभाच होतो आणि मला कुणी ‘बसा’ म्हणत नव्हतं, कारण माझ्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

लाखांचे आकडे वाचले जात असताना ज्या सभेत एक हात वर झाला नव्हता, तिथे सालांवरून माणसं खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. भजनी मंडळातल्या आजींनी तर ‘तरी अवधान एकलें दीजे’ ही ओवीच म्हटली. खरं आहे. नवव्या अध्यायाच्या तोंडी ज्ञानेश्वरांनासुद्धा लक्ष मागून घ्यावं लागलं होतं. फक्त त्यांनी बदल्यात ‘सर्वसुखासि पात्र होईजे’ असा शब्द दिला होता. आमच्या सभेनंतर एक समोसा मिळतो, तोही गार.

‘अहो, गावसकर आठवा!’ काका पुन्हा माझ्याकडे वळले. ‘दिवसभर चेंडूवरची नजर हटायची नाही. त्याला म्हणतात एकाग्रता.’

‘७ जून १९७५,’ मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. ‘लॉर्ड्स. पहिला वर्ल्ड कप, साठ षटकांचा सामना. इंग्लंड ४ बाद ३३४. गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६, एकच चौकार. आपण ३ बाद १३२. हरलो २०२ धावांनी.’

शांतता पसरली. मग काका, चोरीचा माल सापडल्याच्या सुरात, ‘हे बरं लक्षात राहिलं!’

हेच तर! हे मी कधी पाठ केलं नाही. हे लक्षात ठेवायला मला बदाम लागला नाही. जुनी स्कोअरकार्डं घेऊन मी रात्री दोनपर्यंत बसू शकतो, त्या वेळी शेजारी मेणबत्ती काय, होळी पेटली तरी कळणार नाही. रस असला की लक्ष द्यावं लागत नाही, ते आधीच तिथे जाऊन बसलेलं असतं. रस नसेल तर मात्र त्याला धरून आणावं लागतं, आणि तेही दिवसभर ऑफिसात तेच करून आल्यावर, रविवारी सकाळी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. तरी मी सिंकिंग फंडापर्यंत आणलं होतं. याचं कौतुक नाही.

काकांचा नातू म्हणाला की हल्ली माणसाचं लक्ष आठच सेकंद टिकतं, गोल्डफिशचं नऊ. हे वाक्य २०१५च्या एका कंपनीच्या अहवालातून जगभर पसरलं आणि त्याला धड पुरावा सापडलेला नाही. उलट गोल्डफिशला शिकवलेलं महिनोन्‌महिने आठवतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधक ग्लोरिया मार्क बाईंनी माणसांना खरोखर कामाच्या वेळी मोजलं. २००४ साली लोक एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं थांबत, अलीकडे ४७ सेकंद. तेव्हा लक्ष उडत नाही असं माझं म्हणणं नाहीच. पण सभेत जो तो माझ्या मोबाईलकडे बोट दाखवत होता, आणि त्या वाचनाकडे एकाचंही बोट जात नव्हतं. शाळेत पोराच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारतात. तास कंटाळवाणा होता, असा शेरा मारायला त्या पुस्तकात रकानाच नसतो. ऑफिसातही तेच: पडद्यावर दिसणारी स्लाईड साहेब अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवणार आणि जांभई दिली तर आपण बेशिस्त. कंटाळा आणणारा तेवढा नेहमी निर्दोष. सेक्रेटरी बिचारे फुकट राबतात, त्यांच्यावर राग नाही माझा. पण फुकट राबायचंच आहे तर वाचू तरी नका ना!

शेवटी चेअरमननी घड्याळ बघितलं. (त्यांना कुणी उभं केलं नाही.) ‘चला, ठराव घेऊ. काका, तुमचं अनुमोदन?’

‘कशाला?’ काका म्हणाले.

‘ठरावाला.’

‘कुठल्या ठरावाला?’

त्यांना माहीत नव्हतं! असणार कसं? सगळा वेळ ते माझ्याकडे बघत होते, पापणी न लवता. त्राटकच ते. त्यांना रस माझ्यात होता. मी तोंड उघडलं, पण तोवर समोसे आले होते आणि ठराव सर्वानुमते झाला.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, ‘टँकरचं काय ठरलं?’ मी बदामांपासून सगळं सांगितलं, आवाजांसकट. तिनं कुकरच्या शिट्ट्याही न मोजता ऐकलं. टँकरचं पुन्हा विचारलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही म्हणून सोसायटीच्या नियमांचं, म्हणजे उपविधींचं, पुस्तक काढलं. निव्वळ रागानं. सिंकिंग फंड म्हणजे जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के. दुरुस्ती निधी ०.७५. थकबाकीवर सरळ व्याज. एकदाही मोबाईलला हात लावला नाही. कुणाला उभं राहून ऐकायचं असेल तर सांगतो.

काल इतिवृत्ताचा मसुदा ग्रुपवर आला. तोही ओळ न्‌ ओळ वाचला. विषय क्र. ४ खाली लिहिलंय: ‘सभासद ७०३ यांचे लक्ष नसल्याचे ए विंगमधील ज्येष्ठ सभासदांनी निदर्शनास आणले. सभेने नोंद घेतली.’ बदामांचा उल्लेख नाही. ‘कुठल्या ठरावाला?’ याचा तर नाहीच. तिथे काकांचं नाव अनुमोदक म्हणून छापलंय. मी सेक्रेटरींना फोन करून लेखी हरकत घेतो म्हणालो. ते म्हणाले, घ्या ना, पण पुढच्या वार्षिक सभेत पहिला विषय मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचाच असतो, तेव्हाच काय ते बोला.

म्हणजे पुढच्या सप्टेंबरात हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा मोठ्यानं वाचलं जाणार. दिलासा एवढाच की तेव्हा कुणी ऐकत नसेल.

काका सोडून.