डिस्क रिकामी आहे रे बाबा!

लिनक्सच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे सीपीयू-मेमरी वाटून देणाऱ्या गटात, एक प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) टाकायची. म्हणजे काय, तिचा पीआयडी (क्रमांक) टास्क्स फाइलीत लिहायचा, बस. तर उत्तर येतं, "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". अरे कसली स्पेस? कुठलं डिव्हाइस? माणूस निमूटपणे डिस्क तपासतो, ती अर्धी रिकामी. आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी) तपासतो, तेही ढीगभर शिल्लक. आणि खरं कारण काय, तर सीपीयूसेटची (ग्रुपला प्रोसेसर आणि मेमरी नेमून देणाऱ्या भागाची) मेम्स फाइल कोरी आहे! प्रोसेसर कुठले ते दिलं, पण मेमरी नोड (मेमरीचा गट) कुठला ते दिलं नाही, म्हणून दार बंद. एकच नोड असलेल्या मशीनवर तिथे नुसता ० लिहिला की सुरळीत चालतं. हे सरळ सांगायला जीभ झडते का? चोर सोडून संन्याशाला फाशी!

ही सीग्रुपच्या व्हर्जन १ ची तऱ्हा. वरच्या ग्रुपकडे नसलेला कोअर (प्रोसेसरचा एक भाग) खालच्याने मागितला की "परमिशन डिनाइड". रूट (सर्वाधिकारी युजर) असताना! खालचा वापरत असलेला कोअर वरच्याकडून काढायला जा, "डिव्हाइस बिझी". शेजारच्या ग्रुपने एक्सक्लुझिव्ह (फक्त स्वतःचा) करून ठेवलेला मागा, "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट". पण कुठला शेजारी, कुठला कोअर? बसा एकेक डिरेक्टरी उघडत.

मग म्हणे व्हर्जन २ घ्या. २०१६ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.५ ला ती अधिकृत झाली, सीपीयूसेट तिच्यात यायला मात्र २०१९ चं ५.० उजाडलं. आगीतून फुफाट्यात! आता एररच येत नाही. वरच्याकडे ०-३ कोअर आहेत, खाली ४-७ लिहा, मुकाट घेतं. परत वाचा, ४-७ च दिसतं. प्रोसेस मात्र पळतायत ०-३ वर, कारण मागितलेल्यातलं काहीच मिळण्यासारखं नसेल तर वरच्याचंच गळ्यात पडतं. खरं काय ते 'इफेक्टिव्ह' नावाच्या वेगळ्या फाइलीत. पार्टिशनचंही, म्हणजे कोअर वेगळे काढून ठेवण्याचंही, तेच. त्याच्या फाइलीत "रूट" लिहिलं, तक्रार नाही, आणि वाचायला गेलं की "रूट इनव्हॅलिड". नव्या कर्नलमध्ये निदान शेजारी कारण लिहितात, तेवढी कृपा.

आणि ते सबट्री कंट्रोल, खालच्या ग्रुपना काय वापरता येईल ते ठरवणारी फाइल! वरपासून प्रत्येक पायरीवर सीपीयूसेट चालू करत यायचं. मधली एक पायरी राहिली की खाली लिहिताना "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". अरे, मग मी आत्ता लिहितोय ती काय आहे?