ब्लू पॉटरी निळ्या मातीची नसते

जयपूरच्या ब्लू पॉटरीवर, म्हणजे निळ्या नक्षीच्या भांड्यांवर, एक मजकूर फिरतो आहे: ‘निळ्या मातीची, चाकावर घडवलेली, लाजवर्दाने रंगवलेली ही कला कृपालसिंह शेखावतांनी शोधली, या भांड्यांत जेवणं आरोग्याला उत्तम.’ एका वाक्यात इतक्या चुका करायलाही कसब लागतं.

निळी माती? कुंभाराची माती यात नसतेच. साधारण ४० किलो गारगोटीच्या पुडीला ५ किलो काचेची पूड. शिवाय थोडी मुलतानी माती, सज्जी (खारा सोडा) आणि कतिरा गोंद (डिंक). प्रमाण कारखान्यागणिक बदलतं. या लगद्याला चिकटपणा कमी, म्हणून चाकावर तो उभाच राहत नाही. पोळीसारखा लाटून साच्यात दाबतात आणि आकार ढासळू नये म्हणून आत राख भरतात. चाक लागतं ते बूड आणि गळ्यापुरतं.

लाजवर्दाचा, म्हणजे निळ्या रत्नदगडाच्या पुडीचा, मुद्दा तर चित्रकारावर अन्याय करणारा. निळा येतो कोबाल्ट ऑक्साइडमधून, फिरोजी तांब्याच्या ऑक्साइडमधून. गोंदाच्या पाण्यात कालवलेले हे दोन्ही रंग भट्टीत जाण्याआधी काळपट दिसतात, म्हणजे चित्रकार न दिसणाऱ्या रंगात काम करतो. खालचा पांढरा अस्तर पाणी लगेच शोषतो, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. कोबाल्ट जाड लागला तर काळे डाग राहतात किंवा रेघ झिलईत (वरच्या काचेसारख्या थरात) फुटते. तांब्याचं आणखी नाजूक: क्षारयुक्त झिलईत ते फिरोजी होतं, शिसं वाढलं की हिरवट. रंगावर काच, टाकणखार वगैरेंची झिलई चढवून ८०० ते ८५० अंशांवर एकदाच भाजतात. भट्टी घाईने उघडली तर माल तडकतो, म्हणून ती दोन-तीन दिवस निवू देतात.

शेखावतांनी (१९२२–२००८) ही कला शोधली नाही. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, ती जयपुरात रुजली होती. विसाव्या शतकात ती जवळजवळ बंद पडली, तेव्हा शांतिनिकेतनात शिकलेल्या या चित्रकाराने तिला नवी नक्षी आणि जास्त रंग दिले. १९७४ची पद्मश्री त्यांना मिळाली.

राहिलं जेवण. पारंपरिक झिलईत विषारी शिसं असतं. चिंच, लिंबू, ताक, लोणचं त्याला बाहेर ओढतं. शिवाय भांडं सच्छिद्र असतं: बुडाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाकला तर तो जिरतो. शिसेविरहित झिलईचा माल मिळतो, पण विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर न जाता चाचणीचा कागद मागा. तो नसेल तर फुलदाणी, टाइल किंवा दाराची मूठ घ्या.